कुठनं आलासा?

घोंगड्याला लावलेली चिंचोक्याची खळ वाळली की तिचा वास जातो.

सांगलीत एका दुसऱ्या मजल्यावर काचेला चिकटवलेली अक्षरं: तुमचं ऑनलाइन दुकान, आठवड्यात तयार.

नवा रस्ता गावाबाहेरून गेला.

दोन खुर्च्या. एकीवर लोकरीच्या सुताचे गुंडे.

कुठनं आलासा? तिकडं पाऊस हाय का?

*

“हे काय करून ठेवलंय तात्या?” क्रांतीनं विचारलं.

नाथाजीनं सुताचे गुंडे खाली ठेवून तिला खुर्ची मोकळी करून दिली होती. सांगलीतल्या काचेवरची ती अक्षरं तिचीच. आज ती म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला आली आणि जाता जाता नाथाजीकडं वळली. मागं तो तिच्याकडं सांगलीला गेला होता, घोंगड्यांचं दुकान फोनवर घालायचं म्हणून. तिनं नमुना दाखवला. त्यात घोंगडी होती, भाव होते, पैसे भरायची सोय होती. दुकानदार नव्हता. “माझं मी करतो,” म्हणून तो परत आला आणि एका फुकटच्या ॲपवर स्वतःच दुकान मांडून बसला.

ते दुकान आता तिच्या हातात होतं. उघडलं की पहिल्याच पानावर एक चौकट.

कुठनं आलासा? तिकडं पाऊस हाय का?

खाली उत्तर लिहायला जागा. लिहिल्याशिवाय पान पुढं सरकत नव्हतं.

“घोंगडी कुठायत?”

“म्होरं हायती.”

“म्होरं कोण जातंय? समदी इथनंच माघारी फिरत्यात. ह्यो बघा आकडा. येत्यात, चौकट बघत्यात, जात्यात.”

“आगं, गिऱ्हाईक दारात आलं की आपण आधी काय करतो? घोंगडं हातरतो. बसा म्हणतो. कुठनं आलासा, पाऊसपाणी काय म्हनतंय. मग भाव. आल्या आल्या भाव सांगायला मी काय भाजी इकतोय?”

“तात्या, लोकं फोनवरनं घेत्यात तेच मुळात बोलायला नको म्हणून.”

नाथाजी मागाच्या खड्ड्याकडं बघत राहिला. मागावर अर्धं घोंगडं होतं. भिंतीला लावलेली घड्यांची थप्पी त्याच्या खांद्याला आली होती.

“सकाळधरनं,” तो म्हणाला, “तुज्याशीच बोलतोय बघ. पयलं.”

क्रांतीनं फोनमध्ये डोकं घातलं.

“इकायची हायत ना घोंगडी?”

“हायत.”

“मग ही चौकट काढू?”

बाहेरून एक मोटारसायकल गेली. थांबली नाही.

“काढ.”

तिनं बोट टेकवलं. फोननं विचारलं, चौकटीबरोबर आलेली उत्तरंही पुसली जातील, चालेल का?

“एक उत्तर आलंय की तात्या! कुणाचं हाय?”

“हाय एकाचं. जाऊ दे.”

“वाचू का?”

“जाऊ दे म्हनलं न्हवं.”

चौकट गेली. दुकान उघडलं की आता थेट घोंगडी दिसत होती. काळी, पांढऱ्या किनारीची. तिनं ते पान आपल्या ओळखीच्या लोकांत पाठवलं आणि नाथाजी चहा ठेवायला आत गेला. आधण उकळायच्या आत फोन वाजला.

“तात्या! ऑर्डर! पैसे भरून!” ती चुलीपाशी आली. “आता तर झालं? बघा, पत्ता हाय, पिन कोड हाय. कुठनं आला त्ये बी कळलं.”

नाथाजीनं पत्ता वाचला. इमारतीचं नाव, मजला, फ्लॅट. पुन्हा वाचला. मग खालच्या नंबरावर फोन लावला.

“आवं नको, तसं करायचं नसतं,” क्रांती म्हणाली. तोवर पलीकडं कुणीतरी उचलला होता.

“नमस्कार. म्हसवडवरनं नाथाजी बोलतोय. घोंगडीवाला.”

“काही प्रॉब्लेम आहे का? पैसे गेलेत माझे.”

“न्हाई, न्हाई. प्रॉब्लेम काय न्हाई. आपलं गाव कुठलं म्हनायचं?”

“पत्ता टाकलाय ना.”

“त्यो हाय. तिकडं पाऊस—”

फोन—

“कट झाला,” नाथाजी म्हणाला. “रेंज नसंल त्याला.”

“व्हय,” क्रांती म्हणाली. “रेंजच नसंल.”

चहा पिऊन ती निघाली. गाडी वळेपर्यंत तो दारात उभा होता. मग आत येऊन त्यानं थप्पीतलं सगळ्यांत वरचं घोंगडं काढलं आणि सवयीनं जमिनीवर हातरलं. कोपरे ओढून सरळ केले. थोडा वेळ बाजूला उभा राहिला. कुणी बसलं नाही, तेव्हा त्यानं त्याची घडी घातली.

घोंगडं त्याच रात्री पिशवीत गेलं. पत्ता त्यानं पेनानं, मोठ्या अक्षरात लिहिला.

चौकटीतलं ते एकुलतं एक उत्तर, दुकान मांडलं त्याच दिवशी आलेलं, असं होतं: “इथलाच. पाऊस न्हाई. बसतो जरा.” चौकट चालतीय का बघायला नाथाजीनं ते स्वतःच लिहिलं होतं.