बंद असतानाही

खट्. फाटकाची कडी वाजली आणि खुशी माझ्यामागे लपली.

"बाबा नाई गं, अण्णाजी आहेत," मी तिला जवळ घेतलं.

अण्णाजींच्या शेतातल्या पंपाचा ऑटो स्टार्टर मी घरीच दुरुस्त करून ठेवला होता.

"पंप तर बंदच होता ना पोरी, मंग आतली चिप जळली कशी?"

"बंद असली तरी तारेतून बाहेरचं व्होल्टेज आत घुसते, अण्णाजी. ते अडवाले डायोड लावला. आता बंद असतानाही जळणार नाई."

अण्णाजींनी माझ्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं, स्टार्टर उचलला आणि ते निघून गेले.

खुशीनं माझ्या गालावर अलगद बोट ठेवलं.



"आई, काल तू बी गप्पच बसली होती ना... मंग तुले कोण लावून देईल डायोड?"