रिकामी वाटी

गवंड्याच्या बायकोने अंथरूण धरलं आणि परसातल्या तिच्या चार कोंबड्याही पंख पाडून बसल्या. दुकानात खाद्य मिळेना. कोंड्याला त्या चोच लावेनात.

"पोटात चार घास जातायत तोवर आशा आहे," डॉक्टर बायकोबद्दल म्हणाले होते. म्हणून तो कामावर जाण्याआधी मऊ भात घोटून वाटी तिच्या उशाशी, खिडकीजवळ ठेवायचा. संध्याकाळी वाटी रिकामी दिसली की त्याचा जीव भांड्यात पडायचा. तरी ती वाळतच चालली होती. कोंबड्या मात्र उठल्या, हिंडू लागल्या.

"चिवट गं तुझ्या पोरी," तो म्हणाला. "शेवटी नुसत्या कोंड्यावर तगल्या!"

ती हसली.

एकदा सिमेंट संपलं म्हणून तो दुपारीच घरी आला. परसात शिरला, तर खिडकीच्या गजांतून तिचा काटकुळा हात बाहेर आलेला. हातातल्या वाटीतून भात खाली पडत होता आणि चारही कोंबड्या त्यावर तुटून पडल्या होत्या.

"अगं, हे काय?" तो खिडकीशी धावला.

तिने हात मागे घेतला नाही.

 

"बरं झालं आलात. उद्यापासून भातात मीठ घालू नका, त्यांना बाधतं."