अजून दोन आटे

“हीपण नको,” टेलरकाका म्हणाले आणि त्यांनी स्प्रिंग काउंटरवर ठेवली.

मिस्त्रीने डोळे मिटून घेतले. सकाळपासूनची ही तिसरी जोडी.

“काका, हिच्यात वाईट काय आहे? गाडी दीड इंच खाली येईल. रोज दुकानात जा, कापडाचे गठ्ठे भरा, कुठे म्हणून टेकणार नाही.”

“आमच्या गेटपाशी सिमेंटचा उंचवटा आहे.”

“तिथेही नाही घासणार. लिहून देतो.”

काकांनी गळ्यातली टेप काढली, स्प्रिंग पुन्हा एकदा मापली आणि मान हलवली. “दुसरं काही दाखव.”

काउंटरवर मिस्त्रीची बहीण बसायची. ती वहीतून मान वर न काढता म्हणाली, “दादा, इतकी वर्षं गिऱ्हाइकांनी काकांना छळलं. इथे ढगळ, तिथे घट्ट. त्याचा सगळा वचपा आज तुझ्यावर निघतोय.”

मिस्त्रीला हसू आलं नाही. महिन्याभरापूर्वी काकांचा मुलगा परगावाहून आला होता. गाडी बसलीय, जिथेतिथे घासते, म्हणून त्यानेच ती इथे आणली होती. मिस्त्रीने चारही स्प्रिंगा नव्या घातल्या. गाडी अशी झाली होती की फेरी मारून आल्यावर तो स्वतःवरच खूश झाला होता. आणि आता काका म्हणत होते, पुन्हा खाली घे.

“माझ्या जुन्याच दे ना परत,” काका म्हणाले.

“भंगारात गेल्या. कधी मोडतील याचा भरवसा नव्हता त्यांचा.”

“तुझ्या कामाला नावं नाही ठेवत मी. पण घरी रोज तमाशा चाललाय.”

“गाडीवरून?”

“गाडी उंच झाल्यापासून. काल तुझी काकू आतून कडी लावून बसली. पाऊण तास पायरीवर होतो. शेवटी शेजारणीला हाक मारली, तिने मागच्या दाराने जाऊन कडी काढली.”

आता बहिणीने मान वर केली. “काकूंना चढाय-उतरायला त्रास होतो का?”

“ती गाडीत बसतच नाही हल्ली.”

“बाई गं! एवढ्या रागावल्यात?”

“रागावली नाही.” काका टेप बोटाभोवती गुंडाळत राहिले. “तिला ही गाडी आपली वाटत नाही.”

“बायकांचं हे असंच...” मिस्त्रीने सुरुवात केली. बहिणीने नुसतं बघितलं. त्याने पुढचं गिळून टाकलं.

“आहे त्याच स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून टाक,” काका म्हणाले.

“ते मी करत नाही. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागेवरून सुटते. तुम्ही रोज चालवता ही गाडी. पायरीवर बसायला तरी घरी पोचायला हवं ना?”

काकांनी बोटाभोवतीची टेप सोडवली. “हो,” म्हणाले. “पोचायला तर हवंच.”

मिस्त्री स्टुलावर चढला आणि सगळ्यात वरच्या फळीवरचं खोकं त्याने धुळीसकट खाली आणलं. आत जाड नळ्या होत्या. नळीला बाहेरून आटे पाडलेले, त्यांवर एक कडं, कड्यावर स्प्रिंग.

“हे शौकीन लोक घेतात. कडं फिरवलं की गाडी वर-खाली होते. तुमच्या कामाचं नाही.”

काका पहिल्यांदाच पुढे वाकले. “म्हणजे किती खाली घ्यायची ते आपल्या हातात?”

“हो.”

“मग हेच हवं होतं! आधी का नाही दाखवलंस?”

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. कपाळाला ग्रीस लागलं.

चार वाजता नळ्या बसल्या. मिस्त्रीने आपल्या हिशोबाने उंची धरली. काका आत जाऊन बसले आणि खिडकीतून म्हणाले, “पूर्वी चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये माझी तीन बोटं जायची. बघ किती जातात.”

“चार.”

“अजून खाली घे.”

घेतली.

“अजून दोन आटे.”

“काका, आता घासेल!”

“बघू.”

“बघू काय? तीन जोड्या नाही घासणार, नाही घासणार म्हणून सांगितलं, त्या नकोत. ही घासेल म्हणतोय, ती पाहिजे. उद्या माझ्याच नावाने ओरडाल!”

“दोन आटे,” काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकाला हात खाली ठेवा म्हणावं तसा होता.

मिस्त्रीने दोन आटे घेतले, पाना खिशात कोंबला आणि म्हणाला, “मी येतो घरापर्यंत. घासली की तिथेच वर घेतो. मला परत चकरा नकोत.”

तो गाडीचं दार उघडणार तोच काकांनी हात केला. “तू स्कूटरवर ये. आत बसू नकोस. येताना मी रोज एकटाच असतो.”

मिस्त्रीने बहिणीकडे बघितलं. बहिणीने खांदे उडवले.

काका सावकाश चालवत होते. स्कूटर मागे ठेवून मिस्त्री मनातल्या मनात बडबडत होता. वाटेतले खड्डे गाडीने नीट काढले. मग गल्ली आली, गेट आलं, उंचवटा आला. काकांनी ब्रेकला पाय लावला नाही.

पुढची चाकं उतरली आणि गाडीखालचा पत्रा सिमेंटवरून खरडत गेला. लांबलचक, दाढा शिवशिवतील असा आवाज.

मिस्त्रीने स्कूटर भिंतीला टेकवली आणि पाना काढून धावला. “सांगत होतो की नाही? उतरा. आत्ताच्या आत्ता वर घेतो.”

काकांनी इंजिन बंद केलं. ओठांवर बोट ठेवलं. ते दाराकडे बघत होते.

आतून कडी निघाली.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. थेट काकांपाशी गेल्या आणि त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

“आलात एकदाचे!” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “महिना झाला, रोज याच वेळेला कोणी एक म्हातारा येतो. तुमचाच शर्ट घालून. काल तर पाऊण तास पायरीवर बसून होता. मी कडी नाही हो काढली.”