खिंडीतले पांढरे दगड

मूळ खडक कुठेच सापडेना. यशोधरा सकाळपासून जामखेडकडची ती टेकडी पायाखाली घालत होती. घरंगळलेल्या तुकड्यांचा माग काढत वर चढलं की खडकाची शीर सापडते, हा तिच्या कामातला साधा नियम. पण इथे पांढरे दगड होते ते फक्त खिंडीतल्या ढिगात. बाकी सगळी टेकडी काळी कुळकुळीत.

मागच्या खेपेला तिने या ढिगातला एक दगड नेला होता. पांढराशुभ्र, एका अंगाला काळा डाग. भिंगारच्या प्रयोगशाळेत तिने तो कुटला, लोहचुंबक फिरवून काळे कण वेचून काढले आणि भुकटीची चकती दाबून भट्टीत भाजली. चकती दुधासारखी निघाली. तिला पाहणीला पाठवणारे टाइल कारखान्याचे मालक खूश झाले. असा फेल्डस्पार, म्हणजे टाइलला लागणारं पांढरं खनिज, भरपूर असेल तर टेकडी घ्यायचीच, असं ठरलं. पहिलीच स्वतंत्र पाहणी आणि हाती हे घबाड. यशोधराला आभाळ ठेंगणं झालं होतं. ती चकती आजही तिच्या खिशात होती.

"खाली काय बी न्हाई, ताई," ढिगाशी बसलेली म्हातारी म्हणाली. गावातली बायडाबाई. "ही दगडं कर्नाटकातली. ऊसतोडीला पयल्यांदा गेलेलं मानूस तिकडून आपला दगड आनतं. मग दरसाली जाताना हितं ठिवायचा, परत आलं की घरी न्यायचा."

"आणि हे राहिलेत ते?"

"ती मानसं आली न्हाईत."

यशोधराने खिशातली चकती चाचपली. म्हातारी मात्र हसत होती. तिचा लेक कल्याण तोडीला गेला तो परतलाच नव्हता. ट्रॅक्टर नदीत गेला, असं मुकादमाने सांगितलं; देह काही मिळाला नाही. तेव्हापासून ती खिंडीत येऊन त्याचा दगड बघून जायची.

"त्याच्या गालावर काळा डाग हाय. म्हनून दगडबी हटकून तसलाच आनलेला. मागं एकदा बघाया आले, तर दगड जाग्यावर न्हाई. म्हनलं, उचलला लेकानं."

यशोधराला स्वतःची लाज वाटली. एका आईची आशा तिने कुटून, चाळून भट्टीत घातली होती. कारखाना गेला उडत, हिला खरं सांगायचंच. तिने चकती काढून म्हातारीच्या तळहातावर ठेवली.

"मावशी, दगड मी नेला. त्याचं एवढंच राहिलंय. कल्याण आला नाही हो."

बायडाबाईने चकती पदराने पुसली, उन्हात धरून निरखली. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही.

"असं कसं म्हनता? घरी बसलाय की. चला, चा घ्या."

म्हातारी भ्रमली असेल, असं मनाशी म्हणत यशोधरा तिच्या मागोमाग गेली. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं. आत एक तरणा माणूस पेटलेल्या चुलीला चिकटून बसला होता.

"आल्यापास्नं चूल सोडत न्हाई," आई कौतुकाने म्हणाली. "लई गार वाटतं म्हनतो."

तिने हाक मारली तसं कल्याणने तोंड वळवलं. चेहरा दुधासारखा पांढरा होता आणि दोन्ही गालांवर कुठे एक डाग नव्हता.