घरचा फोन

“ये माघारी, वेदिका. डिग्री काय पळून जाती का?” आई फोनवर रडत होती.

वेदिका कंपनीच्या जिन्यात उभी होती. सातपूरच्या त्या कंपनीत लागून तिला थोडेच दिवस झाले होते. सोमवार ते शुक्रवार इथं काम शिकायचं, शनिवारी कॉलेज, आणि चार वर्षांनी हातात सॉफ्टवेअरची डिग्री. निफाडकडच्या तिच्या गावातून अशा जागेवर निवडली गेलेली ती पहिलीच.

“आई, जेवणाची सुट्टी संपली. उद्या करते.”

ती वळली तर मागे संपदा मॅडम उभ्या होत्या. शिकाऊ मुलांना काम शिकवणं त्यांच्याकडे होतं.

“घरून का?”

“हो मॅडम. आईला करमत नाही.”

“आणि तुला?”

वेदिकेनं मोबाइल खिशात ठेवला.

“तुझ्या आधी सार्थक होता,” मॅडम म्हणाल्या. “फार हुशार. पण घरचे रोज रडायचे. एक दिवस अर्धं काम टाकून निघून गेला. आमची सगळी मेहनत वाया.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेदिकेला कंपनीचा मोबाइल दिला. “घरी हवं तेवढं बोल यावरून. त्यांनाही हाच नंबर दे.” वेदिकेच्या स्वतःच्या मोबाइलची काच तडकली होती. तिनं तो बंद करून बॅगेच्या तळाशी ठेवून दिला. मग आईचे रडते फोन रोज कंपनीच्या नंबरवर यायला लागले.

काम तिला आवडायला लागलं. कंपनी फोनवर बोलणारा प्रोग्राम बनवत होती. शेतकऱ्यानं फोन करायचा, द्राक्षावर कुठली फवारणी घ्यायची ते विचारायचं, आणि समोरून माणसासारख्या आवाजात उत्तर यायचं. अडचण एकच होती. तो प्रोग्राम पुस्तकासारखं बोलायचा.

“तुझ्या गावची माणसं कशी बोलतात ते त्याला शिकव,” मॅडमनी सांगितलं.

वेदिका शिकवत राहिली. वाक्यं म्हणून दाखवायची, त्यानं म्हटलेली तपासायची. ‘गं’ कुठं लागतो, ‘लय’ कुठं, बोलता बोलता माणूस श्वास कुठं घेतो. समोरचं माणूस रडायला लागलं तर काय म्हणायचं, तेही. मॅडम हेडफोन लावून ऐकायच्या आणि म्हणायच्या, “छान. आणखी थोडं घरगुती होऊ दे.”

एके दुपारी तिनं हेडफोन लावला, झटकन काढला आणि पुन्हा कानाला लावला. आतून तीच बोलत होती. तिनं कधीच न म्हटलेलं वाक्य, पण आवाज तिचा. शेवटी हलकंसं हसणंही तिचंच.

“नमुने तुझे, मग आवाज कुणाचा येणार?” मॅडम सहज म्हणाल्या. “बदलू पुढे.”

वेदिका उठून जिन्यात गेली. कंपनीच्या मोबाइलवरून तिनं आईला फोन लावला.

“आई, मी घरी येते. मला इथं लय भ्या वाटतं.”

वेदिकेला वाटलं, आई आता रडेल.

“नको गं,” आई शांतपणे म्हणाली. “इतकी पुढं गेलीस आणि आता माघारी फिरती का? ऱ्हा तिथंच. लोकं चांगली हायत.”

“तूच तर ये म्हणत होतीस.”

“म्हणत व्हते. पर आता मन घट केलंय. तूबी कर.”

“आप्पा काय म्हणतात?” वेदिकेनं वडिलांचं विचारलं.

“मळ्यात गेल्यात. बरं हाय त्यांचं.”

वेदिकेनं डोळे पुसले. आपली आई इतकी खंबीर होईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. ती परत जागेवर जाऊन बसली.

त्यानंतर आई पुन्हा रडली नाही. पूर्वी चुलीवर काही करपलं की ती वाक्य अर्धं टाकून फोन ठेवायची. आता तिला घाई नसायची. वेदिका कितीही वेळ बोलली तरी ती ऐकून घ्यायची. मागे मोटरीचा आवाज नाही, कोंबड्या नाहीत. वेदिकेनं एकदा विचारलंही, तर आई म्हणाली, “आत खोलीत बसलेय गं, तुझं नीट ऐकू यावं म्हणून.” दिवाळीत मात्र आईनंच येऊ नको म्हणून सांगितलं. ती आणि आप्पा मावशीकडे जाणार होते.

पहिल्या सत्राचा निकाल लागला. वेदिका वर्गात पहिली आली. मॅडमनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “लय आनंद झाला गं.” तेवढंच. वेदिकेला वाटलं, हे आईच्या समोर बसून सांगायला हवं होतं.

एका शनिवारी कॉलेजला अचानक सुट्टी मिळाली. मोबाइल चार्जिंगला होता, तो तिनं इंदिरानगरच्या खोलीवरच राहू दिला. कुणाला काही सांगितलं नाही. द्वारका चौकातून पेढे घेतले आणि निफाडची एसटी पकडली.

फाट्यावर उतरून ती चालत घराकडे निघाली. ऊन डोक्यावर आलं होतं. कोंबड्या अंगणात फिरत होत्या, मळ्यात मोटर चालू होती. दार उघडंच होतं.

ओसरीत खाटेवर आप्पा पडले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लाकडासारखा अंगाशी पडलेला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. हातातल्या पेढ्यांचा खोका कधी खाली पडला ते वेदिकेला कळलं नाही.

आई आत चुलीपुढे पाठमोरी बसली होती. मोबाइलचा स्पीकर लावून ती हुंदके देत बोलत होती.

“दिवाळीपासून सांगतेय, आप्पाच्या अंगावरनं वारं गेलंय. तुझ्या पाया पडते वेदिका, एकदा तरी येऊन जा.”

मोबाइलमधून उत्तर आलं. मायेनं, थांबून, मध्ये एक श्वास घेऊन.

“आई, रडू नको गं. मी इथं लय खूश हाय.”