गेनू नावाड्याचं पान

गावाचा इतिहास लिहिताना निवृत्त शिक्षिका प्रमिलाबाई गेनू नावाड्याच्या पानाशी अडल्या. महापुरात त्याने साठ माणसं वाचवली, हे गावाला पाठ होतं. सगळे काठाला लागल्यावर तो पुन्हा पुरात का शिरला आणि बुडाला, हे फक्त बाईंना ठाऊक होतं.

पन्नास वर्षं त्यांना झोपेत वल्ह्याचा आवाज ऐकू येई. अखेर त्या गेनूच्या लेकीकडे गेल्या.

“माझं करडू मागे राहिलं म्हणून मी आकांत मांडला. ‘रडू नको पोरी, आणतो,’ म्हणाले तुझे आबा.”

लेकीने विचारलं, “मग? सापडलं करडू?”

“ते आधीच काठावर आलं होतं गं. एका म्हातारीच्या घोंगडीत.”

तिने डोळे पुसले. “आबांना हे कळलं नाही, तेवढं बरं झालं. लिहा बाई, सगळं लिहा.”