उर्दूतलं पत्र

माणिकप्पाच्या बापाला पोराचे नुसते दोन हात हवे होते, औत हाकायला. माणिकप्पाला मात्र पोराचं डोकं हवं झालं. म्हणून त्यानं शरणप्पाला कोसभर लांब बिदरच्या उर्दू शाळेत घातलं आणि पोरगा शिकून हैदराबादेत कारकून झाला. लेकीच्या डोक्याचं कुणाला काय पडलंय! गुरुबाईनं भावाला रोज दुपारची भाकरी तेवढी पोचवायची.

आता विधवा होऊन, सात वर्षांच्या लेकीला, नीलम्माला घेऊन ती बापाच्याच घरी राबत होती. एक दिवस शरणप्पाचं पत्र आलं, उर्दूत. वाचून दाखवणारा मुन्शी परगावी गेलेला. गुरुबाईनं पत्र हातात घेतलं नि वरचा पत्ता वाचून दाखवला.

"तुला कसं काय वाचायला येतंय गं?"

"भाकरी घेऊन शाळेच्या दारात उभी ऱ्हायची न्हवं, अप्पा."

"गावात कुठं बोलू नगंस. वाच."

शरणप्पानं लिहिलं होतं, 'बायको बाळंत होणार आहे. भांडी घासायला, मूल सांभाळायला नीलम्माला पाठवून द्या. पोरीच्या जातीला तिथं दुसरं काय काम?'

गुरुबाईनं ते मनातल्या मनात दोनदा वाचलं. मग घसा खाकरून मोठ्यानं म्हणाली, "अण्णा लिहायलाय, नीलम्माला शाळेत घाला."

माणिकप्पाचे डोळे भरून आले.

"बघ! ह्याला म्हणतात शिकल्यालं डोकं. तुला जल्मात सुचलं असतं का हे?"